शाखेचा आवाज मीटिंगमध्ये तुटतो: काय आणि कोणत्या क्रमानं तपासावं

मुख्य ग्रंथालय एका गावात आणि शाखा आजूबाजूच्या गावांत पसरलेल्या असल्या, की ऑनलाइन मीटिंग हीच सगळ्यांची एकत्र बसायची जागा होते. तिथं पुन्हा पुन्हा येणारी तक्रार एकच: "आमचा आवाज तिकडे तुटतो." वेगवेगळ्या शाखांत ही तक्रार सोडवून सोडवून माझा तपासणीचा एक क्रम ठरून गेला आहे, तोच इथं देतो. सोपं आणि बिनखर्चाचं आधी, अवघड आणि खर्चाचं शेवटी.

आधी लक्षण ओळखा

"आवाज नीट येत नाही" एवढं सांगून भागत नाही. त्या एका वाक्यात बरेच वेगळे दोष लपलेले असतात. यांपैकी तुमचा कोणता ते बघा:

- तुम्हाला सगळ्यांचं स्वच्छ ऐकू येतं, पण तुमचं बोलणं इतरांना तुकड्यातुकड्यांत पोचतं.
- याच्या उलट. तुमचं त्यांना नीट पोचतं, पण त्यांचे शब्द तुमच्यापर्यंत येता येता गळतात.
- आवाज तुटत नाही, उशिरा पोचतो. दोघं एकदम बोलायला लागतात, दोघंही थांबतात, पुन्हा एकदमच सुरू होतात.
- आपलाच आवाज परत ऐकू येतो, किंवा मध्येच कर्कश शिट्टी सुटते.
- मीटिंगमधून बाहेर फेकले जाता आणि एक-दोन मिनिटांनी आपोआप आत येता.
- त्रास ठरावीक वेळीच होतो: वाचनकक्ष भरल्यावर, संध्याकाळी, नाहीतर पाऊस-वारा सुटल्यावर.

यातलं पहिलं लक्षण सर्वांत जास्त दिसतं. त्याचा अर्थ असा, की तुमच्याकडून बाहेर जाणारी वाट, म्हणजे अपलोड, तुंबली आहे. दुसरं लक्षण असेल तर डाउनलोडकडे बघा. प्रतिध्वनी आणि शिट्टी यांचा नेटशी संबंध जवळजवळ कधीच नसतो. तो खोलीतला दोष असतो. बाहेर फेकलं जाणं आणि आपोआप परत येणं हे बहुतेक वेळा विजेचं काम असतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. आणि ठरावीक वेळी होणारा त्रास म्हणजे त्या वेळी दुसरं कोणीतरी तीच लाइन वापरतंय, किंवा लाइनमध्ये कुठेतरी पाणी शिरतंय.

"कॅटलॉग तर चालतोय" हा पुरावा धरू नका

शाखेत गेलो की हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "नेट ठीक आहे हो, देवघेव चालू आहे, कॅटलॉग उघडतोय." देवघेवीचं सॉफ्टवेअर खराब लाइनवरही तग धरतं. कोहा या ग्रंथालयांच्या सॉफ्टवेअरचंच बघा. १९९९ साली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय ट्रस्टसाठी ते लिहायला घेतलं गेलं, आणि ते ब्राउझरमधल्या साध्या पानांवर चालतं. पान मागवल्यावर एखादा तुकडा वाटेत हरवला तर संगणक तो पुन्हा मागवतो. पान अर्ध्या सेकंदानं उशिरा उघडतं, कोणाच्या लक्षातही येत नाही.

बोलण्याला ही सवलत नाही. आवाजाचे तुकडे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे असतात. एखादा तुकडा वेळेवर पोचला नाही तर तो पुन्हा मागवून उपयोग नसतो, कारण तोवर वाक्य पुढे गेलेलं असतं. म्हणून तो टाकून दिला जातो. असे बरेच तुकडे गेले की शब्द गळतात. तेव्हा कॅटलॉग, ईमेल, अगदी व्हिडिओ बघणंसुद्धा सुरळीत असताना मीटिंग मात्र तुटत असेल, तर त्यात काही विरोधाभास नाही. तुमच्यावर अविश्वास दाखवणाऱ्याला हे नक्की सांगा.

१. पाच मिनिटांची, फुकटची तपासणी

सुरुवात तुमच्या समोरच्या यंत्रापासून करा. इथं दोष सापडला तर कोणाला बोलवावं लागत नाही आणि एक पैसा लागत नाही.

मीटिंगच्या सेटिंगमध्ये कोणता माइक निवडला आहे ते बघा. वेबकॅमेऱ्यात एक माइक असतो, लॅपटॉपमध्ये एक, हेडफोनला एक. हेडफोन लावून तुम्ही व्यवस्थित बोलत असता आणि संगणक मात्र वर बसवलेल्या कॅमेऱ्याचा माइक ऐकत असतो. आवाज लांबून, खोल आणि मधूनमधून गायब होणारा येतो, आणि सगळे नेटला नावं ठेवतात.

वाचकांसाठी ठेवलेल्या संगणकावरून मीटिंगला बसत असाल तर आणखी एक गोष्ट. अशा यंत्रांवर पुष्कळदा रीस्टार्ट केल्यावर सगळं मूळ स्थितीत नेणारं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं. तुम्ही काल माइकला दिलेली परवानगी आज पुसलेली असते. दर वेळी नव्यानं परवानगी द्या, नाहीतर मीटिंगसाठी एक यंत्र त्या सॉफ्टवेअरमधून वगळून घ्या. दुसरा मार्ग बरा.

प्रतिध्वनी येत असेल तर एकाच खोलीत दोन यंत्रं मीटिंगमध्ये आहेत का बघा. ग्रंथपालांचा लॅपटॉप आणि सहायकाचा फोन, दोन्हींचे स्पीकर चालू, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जातो आणि फिरत राहतो. एका यंत्राचा माइक आणि स्पीकर, दोन्ही बंद करा. नुसता माइक बंद करून भागत नाही, कारण त्याचा स्पीकर दुसऱ्या माइकला ऐकू जातच राहतो. सगळ्यांत पक्का उपाय म्हणजे हेडफोन. वाचनकक्ष म्हणजे उंच छत, गुळगुळीत फरशी आणि मोकळ्या भिंती. तिथं आवाज घुमतोच.

मीटिंगचं पानच उघडत नसेल आणि "जोडणी सुरक्षित नाही" असा इशारा येत असेल, तर संगणकाची तारीख आणि वेळ बघा. जुन्या यंत्रातला बटनसेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि सुरक्षित संकेतस्थळं उघडणं थांबतं. हा सेल बहुधा सीआर२०३२ या क्रमांकाचा असतो.

गोष्टींचा तास ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी एक वेगळं लक्षण: बोलणं स्वच्छ जातं, पण वाद्य वाजवलं किंवा मुलं एकदम ओरडली की आवाज दबतो, कापला जातो. ती मीटिंगच्या साधनातली गोंगाट कमी करणारी सोय आहे. माणसाचा आवाज ठेवून बाकी सगळं ती कचरा समजून काढून टाकते. तेवढ्या तासापुरती ती बंद करा किंवा मूळ आवाज पाठवायचा पर्याय निवडा.

२. कॅमेरा बंद करून बघा

हे करताना शाखांना वाईट वाटतं. आपण दिसलो नाही तर आपण नाहीच, असं वाटतं. भावना खरी आहे, तरीही पाच मिनिटं कॅमेरा बंद ठेवा, कारण यातून फार काही कळतं.

नुसत्या आवाजाला लागतं किती? झूमसारख्या साधनात सुमारे ६० ते ८० केबीपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढे हजार बिट. सामूहिक मीटिंगमध्ये बऱ्यापैकी चित्र पाठवायला १ एमबीपीएसच्या (म्हणजे हजार केबीपीएसच्या) आसपास, आणि १०८०पी दर्जाच्या चित्राला जवळजवळ ४. म्हणजे चित्र हे आवाजाच्या दहा ते पन्नास पट ओझं आहे. त्यात गावाकडच्या बऱ्याच लाइनी एकतर्फी असतात. जुन्या तांब्याच्या तारेवरच्या एडीएसएल२+ मध्ये खाली येताना २४ एमबीपीएसपर्यंत वेग मिळू शकतो, पण वर जाताना साधारण १. जाहिरातीत आणि बिलावर मोठा आकडा छापलेला असतो, तुमचं बोलणं मात्र त्या लहान आकड्यातून जातं. वेग तपासताना अपलोडचा आकडा लिहून घ्यायचा तो याचसाठी.

कॅमेरा बंद केल्यावर आवाज सुधारला, तर माइक, हेडफोन आणि संगणक बहुधा निर्दोष आहेत. अपलोड कमी पडतंय किंवा कोणीतरी ते खातंय. पुढच्या मुद्द्याकडे जा. काहीच फरक पडला नाही, तर तिसरा मुद्दा ओलांडून चौथ्याकडे जा.

३. लाइन आणखी कोण वापरतंय

शाखेत एकच लाइन असते आणि तिच्यावर सगळं लटकलेलं असतं. वाचकांचे संगणक, वाचकांचे फोन, देवघेव, आणि कोणाच्या लक्षात नसलेल्या दोन-तीन गोष्टी. माझा अनुभव असा, की दोषी बहुधा त्या लक्षात नसलेल्यांतच सापडतो.

सुरक्षेसाठी बसवलेले कॅमेरे आधी बघा. चित्रण बाहेरच्या सर्व्हरवर साठवणारा कॅमेरा दिवसभर अपलोडच करत असतो. मग बॅकअप: दिवसाच्या कामाची प्रत मुख्य ग्रंथालयाकडे पाठवणारा कार्यक्रम जर नेमका मीटिंगच्या वेळी लागलेला असेल, तर तो मध्यरात्रीवर ढकला. विंडोजचे अपडेटही बघा. त्याच्या सेटिंगमध्ये इतर संगणकांना अपडेट पाठवण्याची सोय असते, ती सरळ बंद करा. आणि फोन. वायफाय मिळालं की दिवसभराचे फोटो आपोआप वर चढवणारे फोन वाचनकक्षात दहा असले तरी पुरे.

एक फोटो चढताना माझं बोलणं का तुटावं? राउटर बाहेर जाणारे तुकडे रांगेत लावतो. देवघेवीच्या काउंटरवर कोणी पोतंभर पुस्तकं परत करायला आणली आणि त्याच्या मागे फक्त "उद्या सुट्टी आहे का" एवढं विचारायला उभा असलेला वाचक असला, तर तोही पोतं रिकामं होईपर्यंत थांबतो. तुमचा आवाज हा तो मागचा वाचक. लाइन धीमी आणि राउटरची रांग लांब, असं असलं की हे थांबणं सेकंदाच्या घरात जातं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका बाजूनं दुसरीकडे आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) लागले तर बोलणं सहज चालतं. म्हणजे एका सेकंदाचा उशीर हा त्या मर्यादेच्या सहा-सात पट झाला.

खात्री करायची सोपी रीत अशी: ग्रंथालय बंद असताना, बाकी सगळं बंद करून, एका शाखेशी दहा मिनिटं बोला. तेव्हा आवाज स्वच्छ आणि गर्दीत तुटका, असं निघालं तर निदान झालं. वाचकांना नेट बंद करायला सांगू नका, तो त्यांचा हक्क आहे आणि अनेकांसाठी ग्रंथालयातलं नेट हेच एकमेव असतं. त्याऐवजी वाचकांच्या वायफायला वेगळं नाव देऊन त्याची अपलोड मर्यादा ठरवा. बऱ्याच राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढता येतं आणि वेगाची मर्यादाही घालता येते. राउटरमध्ये रांग हुशारीनं सांभाळणारी सोय असेल तर ती चालू करून अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. वेग थोडा कमी केल्यानं बोलणं सुधारतं हे ऐकायला उलटं वाटतं, पण रांग मग राउटरच्या हातात राहते आणि आवाजाला मधूनच पुढे काढता येतं.

४. वायफाय सोडा, केबल लावा

सगळ्या तपासण्यांत मला एकच ठेवायला सांगितली तर मी ही ठेवीन. राउटरपासून संगणकापर्यंत एक लॅन केबल जोडा आणि वायफाय बंद करून मीटिंगला बसा. केबलवर आवाज सुधारला, तर बाहेरून येणाऱ्या लाइनचा काहीही दोष नाही. सेवा देणाऱ्या कंपनीला फोन करायची गरज उरली नाही.

ग्रंथालयाची इमारत वायफायसाठी फार कठीण जागा आहे, हे वायफाय बसवणाऱ्यांच्याही ध्यानात येत नाही. लोखंडी रॅकच्या रांगा लहरी परतवतात. रॅकमध्ये खच्चून भरलेला कागद हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि उरलेल्या लहरी शोषतो, पावसाळी हवेत जरा जास्तच. त्यात राउटर बहुधा चोरी होऊ नये म्हणून कार्यालयातल्या लोखंडी कपाटात, आणि मीटिंगची खुर्ची संदर्भ विभागाच्या पलीकडे, कारण तिथं शांतता असते. मध्ये सात-आठ रॅक. फोनवर वायफायच्या दोन रेघा दिसतात आणि सगळ्यांना वाटतं पुरेसं आहे.

राउटर कपाटाबाहेर काढा आणि रॅकच्या माथ्यापेक्षा उंच बसवा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोचतो पण गजबजलेला असतो. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात. तिथं वाहिनी १, ६ किंवा ११ यांपैकी एक निवडा, कारण या तीन एकमेकींत घुसत नाहीत. ५ गिगाहर्ट्झ मोकळा असतो पण रॅकच्या एक-दोन रांगांतच थकतो. मीटिंगची खुर्ची राउटरच्या नजरेच्या टप्प्यात असेल तरच तो वापरा.

सिग्नल पुढे ढकलणारा एक्स्टेंडर घेण्याआधी थांबा. स्वस्तातला एक्स्टेंडर ऐकायला आणि बोलायला एकच रेडिओ वापरतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो आणि उशीर वाढतो. त्या पैशात लांब केबल येते. तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, शाखेच्या इमारतीला तेवढी पुरून उरते. केबल विजेच्या तारांना चिकटून नेऊ नका आणि लोकांच्या पायात येऊ देऊ नका. टोकाच्या प्लगची चिमटी तुटलेली असेल तर केबल बदलून टाका. तशी केबल लागल्यासारखी दिसते, पण टेबलाला धक्का लागला की सुटते, आणि मग "अधूनमधून तुटतं" या लक्षणामागे तुम्ही महिनाभर फिरता.

५. मोजून बघा

इथवर दोष सापडला नसेल तर आता अंदाज पुरे. संगणकात पिंग नावाची आज्ञा असते. ती एक छोटा तुकडा पाठवते आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगते. कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या, दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग तुमच्या राउटरच्या पत्त्यावर सोडा; तो नेटवर्क सेटिंगमध्ये डिफॉल्ट गेटवे म्हणून लिहिलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा तसाच काहीतरी. दुसरीत बाहेरच्या पत्त्यावर, उदाहरणार्थ गूगलच्या ८.८.८.८ वर. आज्ञेच्या शेवटी जागा सोडून वजा चिन्ह आणि टी हे इंग्रजी अक्षर लावलं की विंडोजमध्ये ती थांबवेपर्यंत चालू राहते. कंट्रोल आणि सी एकत्र दाबलं की थांबते आणि किती तुकडे हरवले ते दाखवते. मीटिंग चालू असतानाच हे करा.

राउटरकडून केबलवर १ मिलिसेकंद किंवा कमी, वायफायवर थोडे जास्त, आणि हरवलेले तुकडे शून्य, हे निरोगी. राउटरपर्यंतच तुकडे हरवत असतील किंवा आकडा ३ वरून ३०० वर उड्या मारत असेल, तर दोष इमारतीच्या आत आहे. चौथ्या मुद्द्याकडे परत.

राउटर स्वच्छ, पण बाहेरचा आकडा कोणी काही अपलोड करायला लागलं की ४० वरून ८०० वर जातो आणि ते थांबलं की खाली येतो? ती तिसऱ्या मुद्द्यातली रांग. राउटर स्वच्छ आणि बाहेर मात्र सगळं बंद असतानाही तुकडे हरवतायत? मग दोष बाहेरच्या लाइनमध्ये आहे.

आकडा कायम ६०० च्या आसपास आणि अगदी स्थिर असेल तर बहुधा तुमचं नेट भूस्थिर उपग्रहावरून येतं. तो उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतो आणि एवढं अंतर कापायला प्रकाशालाही वेळ लागतो. हा दोष नाही, त्यावर दुरुस्ती नाही. अशा शाखेबरोबर बोलताना मीटिंग चालवणाऱ्यानं नाव घेऊन पाळी द्यावी आणि उत्तरासाठी दोन सेकंद थांबावं. एवढं केलं तरी ती शाखा मीटिंगमध्ये बोलू लागते.

६. वीज आणि राउटर

बाहेर फेकले जाऊन परत येता, हे लक्षण असेल तर आधी इथंच बघा. वीज क्षणभर दबली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, दिवाही जेमतेम लुकलुकतो, पण राउटर पुन्हा सुरू होतो आणि त्याला एक-दोन मिनिटं लागतात. खोलीतल्या कोणालाच वीज गेल्याचं कळलेलं नसतं. पुढच्या वेळी आवाज गेला की लगेच राउटरचे दिवे बघा: सगळे विझून एकेक लागत असतील तर कारण सापडलं.

उपाय म्हणजे राउटर आणि फायबरचा डबा (बाहेरून येणारी फायबरची तार ज्यात शिरते तो) दोन्ही यूपीएसवर घेणं. फक्त राउटर घेऊन उपयोग नाही. त्याआधी अॅडॉप्टरची पिन सैल आहे का आणि एक्स्टेंशन बोर्डात तो हलतो का बघा. राउटर हाताला चटका बसेल एवढा तापत असेल तर त्याच्यावरची पुस्तकं आणि फाइली उचला. राउटर बंद करून दहा-पंधरा सेकंदांनी चालू करणं हा उपाय चालतो, पण रोज करावा लागत असेल तर तो उपाय राहिला नाही. राउटर किंवा त्याचा अॅडॉप्टर बदलायची वेळ झाली.

राउटरमधलं सगळं पुसून त्याला मूळ स्थितीत नेणारं फॅक्टरी रीसेटचं बारीक छिद्र मात्र टाचणीनं दाबू नका. लाइनचं नाव-पासवर्ड राउटरमध्ये साठवलेलं असतं. ते पुसलं गेलं आणि लिहून ठेवलेलं नसलं, तर तुटका आवाजही राहणार नाही.

इथं थांबा

पुढच्या गोष्टी स्वतः करू नका. मी अनेक वर्षं हे काम करतो आणि मीही करत नाही.

फायबरच्या डब्यावर एलओएस असा लाल दिवा लागला किंवा लुकलुकला, म्हणजे प्रकाश पोचत नाही. तार कुठे दुमडली असेल तर हलक्या हातानं सरळ करा, तेवढंच. टोक काढून पुसू नका आणि त्यात डोळा घालून अजिबात बघू नका. आतला लेझर अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. फायबर जोडायला यंत्र लागतं आणि ते कंपनीच्या माणसाकडे असतं.

खांबावरची तार, गच्चीवरचा अँटेना, भिंतीच्या आतली वीज: योग्य माणूस बोलवा. वादळ असताना तांब्याच्या लाइनीला किंवा अँटेनाच्या केबलला हातही लावू नका. ते आधीच काढून ठेवायचं असतं. यंत्राच्या लोखंडी भागाला झिणझिण्या येत असतील तर नेट विसरा, मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. तो अर्थिंगचा दोष आहे आणि तिथं मुलं बसतात.

मीटिंग सगळ्या शाखांत एकदम बिघडली, आणि ती मुख्य ग्रंथालयानं नेटवर्कवर काही बदल केल्यानंतर, तर तुमच्या शाखेत काही शोधू नका. बहुधा फायरवॉलनं, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्यानं, आवाजाची वाट अडवली आहे. मीटिंगची साधनं आवाजासाठी यूडीपी प्रकारची (हरवलेला तुकडा पुन्हा न मागवणारी) वाट वापरतात, टीम्स ३४७८ ते ३४८१ हे पोर्ट (त्या वाटेवरच्या दारांचे क्रमांक), झूम ८८०१ ते ८८१०. ती बंद असली तर आवाज वेब पानांच्या वाटेनं जातो, पोचतो, पण अडखळत. हे आकडे नेटवर्क सांभाळणाऱ्याला द्या. फायरवॉल स्वतः उघडायला जाऊ नका. तिच्या मागे वाचकांच्या नोंदी असतात.

तक्रार करताना काय द्यावं

"नेट स्लो आहे" असं कळवलं तर समोरचा वेगाची चाचणी करायला लावतो, डाउनलोडचा आकडा ठीक येतो आणि तक्रार बंद होते. त्याऐवजी एका वहीत आठवडाभर नोंद ठेवा: तारीख, वेळ, लक्षण, राउटरच्या दिव्यांची स्थिती, हवामान, आणि पिंगचे दोन्ही आकडे. मग असं सांगा: "संगणक केबलवर आहे. राउटरपर्यंत एकही तुकडा हरवत नाही. बाकी सगळी यंत्रं बंद असताना बाहेरच्या पत्त्यावर शंभरात सहा हरवतात. पाऊस असताना जास्त." यातला आकडा तुमचा जो निघेल तो घाला. असं ऐकल्यावर राउटर बंद-चालू करा म्हणून सांगून बोळवण करणं अवघड जातं, आणि येणारा माणूस योग्य यंत्र घेऊन येतो.

दुरुस्ती होईपर्यंत

दुरुस्तीला दिवस लागतात आणि तोवर मीटिंगा होतच राहतात. ज्या शाखेचा आवाज तुटतो तिथला माणूस दोन-तीनदा "पुन्हा सांगा" ऐकून गप्प बसतो. पुस्तकांची मागणी, फिरत्या ग्रंथालयाच्या वेळा, नव्या वाचकांच्या अडचणी, सगळं त्याच्याशिवाय ठरतं. मुख्य ग्रंथालयात बसणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मीटिंगमध्ये साध्या फोनवरून सामील व्हायचा क्रमांक मिळत असेल तर तो सगळ्या शाखांना देऊन ठेवा. आवाज फोनवरून आणि चित्र संगणकावरून, असं चालतं. फक्त संगणकाचा माइक आणि स्पीकर बंद ठेवा. विषयपत्रिका आदल्या दिवशी पाठवा म्हणजे शाखा आपलं म्हणणं लिहून देऊ शकेल, आणि ते लिहिलेलं मीटिंगमध्ये कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवा. निर्णय झाला की तो चॅटमध्ये एका ओळीत लिहा. मजकुराला लाइन फारशी लागत नाही, तो पोचतोच. आणि त्या शाखेनं "पोचलं" असं लिहीपर्यंत पुढचा विषय घेऊ नका.